जुन्या वनस्पतिचित्रांची सुटी पानं विकत घेऊ नका

नॅथॅनिएल वॉलिक हा कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख. १८३० ते १८३२ या काळात लंडनमध्ये त्याचा तीन खंडांचा ग्रंथ निघाला, ‘प्लँटे एशियाटिके रेरिओरेस’. त्यात आशियातल्या दुर्मीळ झाडांची जवळपास तीनशे चित्रं आहेत, आधी शिळाछाप पद्धतीनं छापलेली आणि मग एकेक पान हातानं रंगवलेली. त्यांतल्या बऱ्याच चित्रांच्या खाली, भिंग लावून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत एक नाव आहे: विष्णुप्रसाद. काहींवर गोराचंद. सोबत मॅक्सिम गॉचीचं नाव, कारण लंडनमध्ये ही चित्रं दगडावर उतरवली ती त्यानं. कंपनीच्या काळात कितीतरी भारतीय चित्रकारांनी साहेबांच्या सांगण्यावरून झाडं रंगवली. छापील पानावर नाव आलं ते अशा मोजक्यांचंच.

हेच पान आज सुटं विकायला येतं तेव्हा बहुतेक वेळा ही खालची पट्टी एकतर कापलेली असते किंवा माउंटच्या पुठ्ठ्याखाली दडपलेली असते. फ्रेमवाल्याला चौकट नेटकी हवी असते, गिऱ्हाइकाला फूल हवं असतं. दुकानदार ‘वॉलिकचं प्रिंट’ म्हणून विकतो, घेणारा दिवाणखान्यात लावतो, आणि ज्याच्या हातून ते फूल कागदावर आलं त्याचं नाव पाहुण्यांनाच काय, मालकालाही ठाऊक नसतं.

जुनी वनस्पतिचित्रं जमवण्याचा छंद आपल्याकडे वाढतो आहे. मुंबई-पुण्यातल्या घरांत, हॉटेलांत, नव्या रिसॉर्टच्या भिंतींवर ही पानं दिसू लागली आहेत. या छंदाविरुद्ध मला काही म्हणायचं नाही, मला स्वतःलाही या चित्रांचं वेड आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रंथातून फाडून काढलेलं पान विकत घेणं थांबलं पाहिजे. स्वस्तात मिळालं तरी, देखणं असलं तरी आणि ‘पुस्तक आधीच फाटलेलं होतं’ अशी खात्री कुणी दिली तरी.

यामागचा हिशेब सरळ आहे. तीनशे चित्रांचा अखंड ग्रंथ विकायचा तर एक गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ते भरपूर पैसेवालं असावं लागतं. तीनशे सुटी पानं विकायला तीनशे साधी गिऱ्हाइकं पुरतात, आणि त्यांच्याकडून जमणारी रक्कम अखंड ग्रंथाच्या किमतीपेक्षा बरीच जास्त होते. म्हणून व्यापारी लिलावात ग्रंथ घेतो, शिवण उसवतो, चित्रं वेगळी काढतो. मजकुराची पानं कुणाला नको असतात, ती रद्दीत जातात. वॉलिकच्या ग्रंथाच्या प्रती निघाल्या त्याच सुमारे अडीचशे. त्यातली एक फोडली की जगातून एक अखंड प्रत कायमची कमी होते.

या व्यवहाराचं सगळ्यात मोठं उदाहरण छापील ग्रंथाचं नाही, मूळ जलरंगांचं आहे. फ्रेंच चित्रकार रेदुते यानं ‘ले लिलियासे’ या ग्रंथासाठी चर्मपत्रावर रंगवलेली मूळ चित्रं नेपोलियनची पहिली बायको जोसेफिन हिच्याकडे होती. पुढे ती तिच्या मुलाच्या वंशजांकडे राहिली. ४८६ चित्रांपैकी ४६८ चित्रांचा हा संच १९८५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात आला. पन्नास लाख डॉलरहून अधिक किंमत देऊन एका विक्रेत्यानं तो भागीदारांच्या गटासाठी घेतला, आणि मग तो वाटला गेला. दीडशे वर्षांहून जास्त काळ एकत्र राहिलेली चित्रं आता वेगवेगळ्या घरांत, तिजोऱ्यांत आहेत. एकाच चित्रकारानं एकाच कामासाठी, लिली आणि तिच्या जवळच्या वनस्पती एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून केलेली ही चित्रं पुन्हा शेजारी ठेवून बघणं आता कुणालाही जमणार नाही.

वनस्पतिचित्र ही एकट्यानं उभी राहणारी गोष्ट नाही, हे समजलं तर पुढचं सगळं पटतं. ते मजकुराच्या जोडीनं जन्माला येतं. चित्रावर क्रमांक असतो, त्या क्रमांकाचं वर्णन समोरच्या किंवा पुढच्या पानावर असतं: झाड कुठे सापडलं, फुलतं कधी, स्थानिक लोक त्याला काय म्हणतात, कशासाठी वापरतात. चित्राच्या तळाशी फुलाचे जे सुटे भाग काढलेले असतात, उभा चिरलेला अंडाशय, पुंकेसर, बी, त्यांना अ, ब, क अशी अक्षरं असतात आणि त्यांचा उलगडा मजकुरात असतो. पान सुटं झालं की ती अक्षरं मुकी होतात.

आपल्याला जवळचं उदाहरण घ्यायचं तर ‘हॉर्टस मलबारिकस’चं घ्यावं. डच मलबारचा प्रमुख हेन्ड्रिक फान रेडे यानं कोचीत बसून हा ग्रंथ घडवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती, जवळपास आठशे चित्रं, ताम्रपटावर म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. त्यामागे इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य होते. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातले हे लोक. त्या तिघांनी ग्रंथातल्या माहितीबद्दल १६७५ साली दिलेलं प्रमाणपत्र कोकणी भाषेत, देवनागरी अक्षरांत आहे आणि ते पहिल्या खंडात जसंच्या तसं कोरून छापलेलं आहे. देवनागरी अक्षरं छापील कागदावर दिसण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. नुसतं प्रमाणपत्रच नाही, ग्रंथातल्या बऱ्याच चित्रांवर झाडाचं नाव रोमन, मल्याळम आणि अरबी लिपीबरोबर देवनागरीतही कोरलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या डच ग्रंथात, आपल्याला आजही वाचता येईल अशा अक्षरांत.

या ग्रंथाची सुटी पानं बाजारात सर्रास मिळतात. त्यांतली कितीतरी रंगीत असतात आणि ‘सतराव्या शतकातलं हातानं रंगवलेलं मूळ चित्र’ म्हणून विकली जातात. पण हा ग्रंथ प्रकाशित झाला तो काळ्या-पांढऱ्या चित्रांचा. रंग दिसला तर तो बहुतेक वेळा नंतर कुणीतरी भरलेला असतो, पुष्कळदा पान फाडल्यावर, भाव वाढावा म्हणून. पान जुनं, रंग नवा. असं पान घेणाऱ्याला आपण फसवलो गेलो हे कळतही नाही, कारण ताडून बघायला अख्खा ग्रंथ समोर नसतो. आणि मधोमध घडी पडलेलं ते दोन पानांचं चित्र ज्या मजकुराचं होतं, त्यातल्या औषधी उपयोगांच्या नोंदी, वैद्यांची मतं, सगळं तुटून गेलेलं असतं.

कालिकत विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी कित्येक दशकं या ग्रंथावर खर्च केली. त्यातलं एकेक झाड केरळात हिंडून ओळखलं, लॅटिन मजकूर इंग्रजीत आणि मग मल्याळममध्ये आणला. इंग्रजी आवृत्ती २००३ साली निघाली. चित्र, मजकूर आणि चार लिप्यांतली नावं एकत्र होती म्हणूनच हे काम झालं. शिवाय लिनीयस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं ठेवलेल्या कितीतरी शास्त्रीय नावांचा आधार म्हणजे याच ग्रंथातली चित्रं आहेत. वाळवलेला नमुना उपलब्ध नसेल तिथे अमुक नाव नक्की कुठल्या झाडाचं, हा वाद आजही त्या चित्राकडे बघून सोडवला जातो. भिंतीवर शोभेला लावायची वस्तू म्हणून आपण ज्याकडे बघतो, तो शास्त्रातला पुरावा आहे.

सुटं पान ओळखायचं कसं, हे एकदा नीट बघून घ्यायला हवं. पान फ्रेममधून बाहेर काढून उजेडात तिरकं धरा. डावी कड सरळ पात्यानं कापलेली आहे का? त्या कडेशी ठरावीक अंतरावर बारीक भोकं दिसतात का? ती शिवणीची. पानाच्या रिकाम्या भागात फिकट तपकिरी, उलट्या अक्षरांच्या ओळी उमटलेल्या दिसतात का? समोरच्या छापील पानाची शाई वर्षानुवर्षं दाबाखाली राहून उतरते, तिची ती खूण. म्हणजे मजकूर होता, शेजारीच होता. ताम्रपटाचं चित्र असेल तर चौफेर दाबाची चौकट बोटाला लागते. रंग जुना असेल तर पांढरा बघा. शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकानं काळवंडतो, शुभ्र पाकळीच्या टोकाला राखाडी डाग पडतात. नव्यानं रंगवलेल्या पानावर तो पांढरा स्वच्छ असतो, आणि रंगही सगळीकडे सारखा, घाईनं फासल्यासारखा. मला या खुणा बघायची सवय लागल्यापासून कुणाच्या घरी भिंतीवरचं चित्र नुसतं फूल म्हणून बघता येत नाही.

मुंबईच्या चोर बाजारात एका दुकानात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं असं एक पान मी हातात घेतलं होतं. पाठीमागे, कडेला, जांभळ्या शाईच्या गोल शिक्क्याचा जेमतेम अर्धा भाग उरला होता. त्यावर ‘ग्रंथालय’ एवढंच वाचता येत होतं, कुठलं ते कापलेल्या बाजूला गेलं होतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, असाच गठ्ठा आला होता. तो खोटं बोलत असेल असं मला वाटलं नाही. त्यालाही ठाऊक नसणार. सुट्या पानांच्या बाजाराची खरी अडचण इथेच आहे. अख्खा ग्रंथ चोरीला गेला तर त्यावर शिक्का असतो, दाखल क्रमांक असतो, बांधणी असते, मालकाची सही असते. पान सुटलं की त्याची ओळख पुसली जाते, आणि चोरीचा माल आणि साधा माल यांत फरक करता येत नाही.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात नेमकं हेच झालं. दुर्मीळ ग्रंथांच्या दालनाची मोजणी झाली तेव्हा २०१७ साली लक्षात आलं की जवळजवळ पंचवीस वर्षं तिथून पुस्तकं, नकाशे आणि कापून काढलेली चित्रपानं बाहेर जात होती. दालन सांभाळणारा माणूस आणि एक ग्रंथविक्रेता यांनी पुढे गुन्हा कबूल केला. नुकसानीचा आकडा सुमारे ऐंशी लाख डॉलर. कुलूप, नोंदी, पगारी कर्मचारी सगळं असलेल्या ग्रंथालयात हे इतकी वर्षं चाललं, कारण सुट्या पानाला बाजार आहे आणि घेणारा ‘हे आलं कुठून’ असं विचारत नाही.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांकडे बघितलं की छातीत धस्स होतं. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेली नगरवाचनालयं, शंभरी ओलांडलेल्या कॉलेजांची ग्रंथालयं, कृषी आणि वैद्यकीय संस्थांचे संग्रह, यांत साहेबी काळातले वनस्पतिग्रंथ अजून आहेत. दर काही वर्षांनी जागा नाही म्हणून निर्लेखन होतं, म्हणजे पुस्तकं नोंदीतून काढून टाकली जातात. ‘जीर्ण, इंग्रजी, कुणी वाचत नाही’ असा शेरा पडतो आणि किलोच्या भावानं माल निघतो. रद्दीवाल्याला चित्राची किंमत बरोबर कळते. कळत नाही ती समितीला.

१९७२च्या पुरावस्तू आणि कलासंपत्ती कायद्याचा दाखला इथे लोक देतात. शंभर वर्षांहून जुनं चित्र देशाबाहेर नेता येत नाही, हे खरं. पण हा कायदा सीमेवर उभा आहे. मालकानं आपल्याच घरात बसून आपल्याच ग्रंथाला कात्री लावली तर तो काही करत नाही, आणि खासगी मालमत्तेवर असा कायदा आणणं सोपंही नाही. म्हणून मी सरकारकडे न बघता घेणाऱ्याकडे बघतो. मागणी त्याची आहे.

माझ्याशी वाद घालणारे काही मुद्दे मांडतात आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला मुद्दा परवडण्याचा. अख्खा ग्रंथ लाखोंचा, पान काही हजारांचं. सामान्य माणसानं सुंदर वस्तू घरात ठेवूच नये का? जरूर ठेवावी. पण उत्तम छपाईची प्रतिकृती आज मिळते, आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीसारख्या खुल्या संग्रहात हजारो जुन्या ग्रंथांची पानं फुकट पाहता-उतरवता येतात. अस्सल वस्तूच हवी असेल तर आज काम करणाऱ्या वनस्पतिचित्रकाराकडून चित्र घ्या. त्याच पैशात जिवंत माणसाला काम मिळेल, आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत असेल.

दुसरा मुद्दा असा की स्कॅन झालं आहे, आता मूळ प्रत फुटली तर काय बिघडलं? बिघडतं, कारण हातानं रंगवलेल्या दोन प्रती कधीच तंतोतंत सारख्या नसतात. इंग्लंडमध्ये १७८७ साली विल्यम कर्टिसनं सुरू केलेल्या ‘बोटॅनिकल मॅगझिन’ची चित्रं १९४८ पर्यंत हातानं रंगवली जात होती. नमुन्याचं पान समोर ठेवून कारागीर एकामागून एक पानं भरत. हात बदलला, रंगाची पुडी बदलली, की हिरवा बदलतो. एका प्रतीचं स्कॅन हे त्या एका प्रतीचं स्कॅन. चित्रकाराला नेमका कुठला हिरवा अभिप्रेत होता हे ठरवायला चार प्रती शेजारी लागतात.

तिसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो: संग्रहालयाच्या तळघरात अंधारात पडून राहण्यापेक्षा भिंतीवर दहा जणांनी बघितलेलं काय वाईट? पण जलरंगांचं चित्र जास्त उजेडात ठेवलं की फिकं पडतं, म्हणून तर संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास मंद उजेड ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत, खिडकीसमोरच्या भिंतीवर, पाठीला आम्लयुक्त पुठ्ठा लावून ठेवलेल्या पानाचं काही वर्षांत काय होतं ते कुणीही पाहू शकतं. कागदावर तांबूस ठिपके, कडेला बुरशी, लाल रंग उडालेला. दहा जण बघतात हे खरं, पण अकराव्यासाठी काही उरत नाही.

अखंड राहिलेल्या संग्रहातून काय मिळतं याचं उदाहरण पुण्याजवळचंच आहे. दापोडीला तेव्हा मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला आणि सरकारी वनस्पतिउद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर त्याचा अधीक्षक, जुन्नर भागात हिवऱ्याला त्याची औषधी वनस्पतींची दुसरी बागही होती. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७च्या सुमाराला त्यानं एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. सुमारे १७० चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकाराचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. तो गोव्याकडचा असावा असं मानायला जागा आहे.

दापोडीची बाग १८६०च्या दशकात मोडली आणि गव्हर्नराचा मुक्काम गणेशखिंडीत गेला. आता तिथे विद्यापीठ आहे. दापोडीत त्या बागेचं म्हणावं असं काही उरलेलं नाही. तरीही तिथे कुठली झाडं वाढत होती, बाहेरून काय आणून लावलं होतं, सह्याद्रीतून काय आणलं होतं, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ती चित्रं एकत्र राहिली आणि हेन्री नॉल्टी या अभ्यासकानं ती एका जागी बसून, गिब्सनच्या अहवालांशी ताडून वाचली. हीच १७० चित्रं विसाव्या शतकात सुटी होऊन लंडनच्या दुकानांतून विकली गेली असती तर ‘कंपनी शैली, अज्ञात चित्रकार, लिली’ एवढीच ओळख प्रत्येकीला राहिली असती. दापोडी हे नाव कुणाच्या तोंडी आलं नसतं.

ती एडिंबरोत का, पुण्यात का नाहीत, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला पाहिजे. उत्तम प्रतीच्या डिजिटल नकला पुण्याच्या संस्थांकडे असाव्यात, त्यांचं प्रदर्शन इथे व्हावं, मराठीत त्यांच्यावर पुस्तक निघावं, असं मला मनापासून वाटतं. पण मला निवड करायला सांगितली तर पुण्यात शंभर घरांत विखुरलेल्या संग्रहापेक्षा एडिंबरोत अखंड असलेला संग्रह मी घेईन. परत मागता येतो तो अखंड संग्रहच. आणि अखंड संग्रह जपणं परदेशी संस्थांनाच जमतं असंही नाही. तंजावरच्या सरफोजी राजे भोसल्यांनी औषधी वनस्पतींची चित्रं काढून घेतली, ग्रंथ जमवले. त्यांचं सरस्वती महाल ग्रंथालय आजही तंजावरातच उभं आहे आणि अभ्यासकांना खुलं आहे.

महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी एक काम तातडीनं करावं असं माझं मागणं आहे. १९५० पूर्वीचा, चित्रं असलेला कुठलाही शास्त्रीय ग्रंथ निर्लेखनाच्या यादीत गेला तर जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या माणसानं तो डोळ्यांखालून घातल्याशिवाय बाहेर जाऊ नये. चित्रपानं मोजून त्यांचा आकडा दाखल नोंदवहीत लिहावा, म्हणजे एखादं कापलं गेलं तर निदान कळेल. याला अनुदान लागत नाही. लागते ती एक दुपार आणि नोंदवही.

लिलावगृहांनी आणि विक्रेत्यांनी प्रत्येक सुट्या पानाबरोबर ग्रंथ, खंड, चित्रक्रमांक आणि ते कुठल्या प्रतीतून कधी वेगळं झालं हे लिहून द्यावं. जे देणार नाहीत त्यांच्याकडून घेऊ नये. आणि ज्यांच्याकडे अशी पानं आधीपासून आहेत, त्यांनी ती फेकू नयेत, लपवूही नयेत. फ्रेम उघडावी, माउंटखाली काय दडलं आहे ते वाचावं, कड पुन्हा कापू नये. पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलनं ग्रंथाचं नाव, चित्रकाराचं नाव सापडलं तर ते, कुणाकडून आणि कुठल्या साली घेतलं ते लिहावं. पेननं लिहू नये, शाई आरपार उतरते. मग पानाचा पुढून-मागून फोटो काढून एखाद्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवावा.